इंग्लंडच्या खेड्यातल्या पबमध्ये जेवायचं असेल तर

पब उघडा असतो, बिअर मिळते, पण जेवण मिळत नाही. दुपारी तीनला चिखलाचे बूट घेऊन आत शिरलो तेव्हा आमची जेवणाच्या नावाखाली खारे शेंगदाणे आणि क्रिस्प्सवर (म्हणजे बटाट्याच्या वेफर्सवर) बोळवण झाली. बऱ्याच गावांत किचन दोन-अडीचला बंद होतं आणि सहाच्या सुमाराला परत सुरू होतं.

१. निघण्याआधी फोन करून फक्त किचनची वेळ विचारा. रविवारचं रोस्ट (भाजलेलं मांस आणि भाज्यांचं जेवण) हवं असेल तर टेबल आधीच सांगून ठेवा.

२. टेबल धरा, त्याच्या कोपऱ्यावरचा नंबर बघा (बहुतेकदा छोटा पितळी आकडा ठोकलेला असतो) आणि काउंटरवर जाऊन ऑर्डर द्या. बसून वेटरची वाट बघाल तर बघतच राहाल. तिथे रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलंय ते लक्षात ठेवा, नोट हलवू नका.

३. पाइंट म्हणजे 568 मिली. आधी हाफ मागा. हातपंपाने ओढलेली एल (पारंपरिक बिअर) बर्फगार नसते, ती तशीच असते.

४. शाकाहारी असाल तर चिप्स (तिथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) कशात तळतात ते विचाराच. कढई माशाचीच असू शकते, काही ठिकाणी गाईची चरबीही वापरतात.

गाडी चालवणाऱ्याने मात्र लाइम-सोडाच घ्यावा. इंग्लंडमध्ये गाडी चालवताना अल्कोहोलची मर्यादा 100 मिली रक्तात 80 मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये 50च.