उडत्या तबकडीवाल्यांच्या पुड्या, खोड्या आणि कानगोष्टी कशा ऐकायच्या

यूएफओच्या विषयात नवीन माणूस शिरला की तो आधी केसेस वाचायला घेतो, रॉसवेलला पडली म्हणतात ती तबकडी काय, एरिया ५१ चा गुप्त लष्करी तळ काय, आणि तिथेच गुंतून बसतो. माझं म्हणणं असं की केसेसच्या आधी माणसं वाचा. १९४७ साली केनेथ अर्नोल्ड नावाच्या पायलटने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू बघितल्या तेव्हापासून हा सगळा कारभार सुरू आहे, इतक्या वर्षांत हातात ठोस काही फारसं आलेलं नाही पण माणसं मात्र बक्कळ जमली, त्यामुळे कोण कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाला खोटं पत्र धाडलं, कोण कोणाशी पैज हरला हे कळलं की अर्धी केस तिथेच उलगडते. गॉसिप म्हणजे टाइमपास असं समजून ते सोडून देऊ नका.

तर सुरुवात गट ओळखण्यापासून. ढोबळमानाने तीन आहेत. एक, परग्रहावरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटलो म्हणणारे, ह्यांना कॉन्टॅक्टी म्हणतात, त्यांचा मुकुटमणी जॉर्ज अॅडम्स्की, ज्याने २० नोव्हेंबर १९५२ ला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शुक्रावरचा माणूस भेटला असं सांगितलं. दुसरे, कागदपत्रं आणि साक्षीदार घेऊन गंभीरपणे काम करणारे, ज्यांना पहिल्या गटाची लाज वाटते. आणि तिसरे संशयवादी. एखादी कुजबूज कानावर आली की ती कुठल्या गटातून कुठल्या गटाबद्दल आली एवढं जरी आधी विचारलंत तरी खूप गाळ खाली बसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातली जुगलबंदी सगळ्यात मजेची. स्टॅंटन फ्रीडमन हा अणुभौतिकीवाला, तबकड्या खऱ्या मानणारा, आणि फिलिप क्लास हा विमानविषयक पत्रकार, कुठलीच केस न मानणारा, दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या मागे हात धुवून लागलेले. क्लासने तर तबकडीवाल्यांसाठी एक शापच लिहून ठेवला होता, की तुम्ही कितीही जगा, यूएफओबद्दल आज जेवढं माहितीये त्याच्यापेक्षा जास्त तुम्हाला कधीच कळणार नाही. हा शाप आजही कॉन्फरन्समध्ये लोक एकमेकांना ऐकवतात आणि ज्यांना ऐकवतात तेच सगळ्यात मोठ्याने हसतात.

आता हे सगळं गॉसिप एका ठिकाणी कुठे मिळेल, तर जेम्स मोझलीकडे. हा माणूस माझ्या मते ह्या क्षेत्राचा सगळ्यात प्रामाणिक बखरकार आहे. २०१२ मध्ये गेला, आणि शेवटपर्यंत सॉसर स्मिअर नावाचं छोटंसं पत्रक काढत राहिला, त्यात स्वतःला सुप्रीम कमांडर म्हणवायचा, आणि पत्रक ज्यांना जायचं ते म्हणे वर्गणीदार नव्हेत, नॉन-सबस्क्रायबर्स. त्यात केसेस कमी आणि भांडणं जास्त. सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांची पत्रं, कारण एकमेकांचं तोंड न बघणारे लोक तिथे एकाच अंकात शेजारी शेजारी छापले जायचे. असं पत्रक वाचताना मुख्य मजकूर भरभर वाचा आणि पत्रांवर थांबा. कोण चिडलंय बघा, कोणत्या मुद्द्यावर चिडलंय ते बघा आणि कोणता मुद्दा त्याने शिताफीने टाळलाय तेही बघा, कारण टाळलेल्या मुद्द्यातच पाणी मुरत असतं.

मोझली स्वतः खोडकर होता आणि त्याचा जोडीदार ग्रे बार्कर त्याच्याहून वस्ताद. काळ्या सुटातली माणसं येऊन तबकडीवाल्यांना धमकावतात, ही गोष्ट १९५६ मध्ये पुस्तक लिहून घराघरात पोचवली ती ह्याच वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्करने. ह्या दोघांची स्ट्रेथ पत्राची खोडी तर नीट समजून घ्याच. १९५७ च्या डिसेंबरात अॅडम्स्कीला वॉशिंग्टनहून एक पत्र आलं, स्टेट डिपार्टमेंटचं, म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं लेटरहेड, सरकारी शिक्का, खाली सही आर. ई. स्ट्रेथ, आणि मजकूर असा की सरकारच्या काही लोकांना तुमचं म्हणणं खरं असल्याचं माहीत आहे, जाहीर बोलता येत नाही पण तुम्ही चालू ठेवा. अॅडम्स्की हरखला आणि पत्र जगभर दाखवत सुटला. स्ट्रेथ नावाचा अधिकारी स्टेट डिपार्टमेंटमध्ये सापडेना, तर लोक म्हणाले बघा, लपवतायत! १९८४ ला बार्कर वारला, त्यानंतर मोझलीने सांगून टाकलं की एका रात्री दारू पिऊन बसलेलो असताना आम्हीच ते टाइप केलं, बार्करला ओळखीतून खरे सरकारी कोरे कागद मिळाले होते. आणि टाइपरायटरच्या अक्षरांवरून लोक माग काढायला लागले तेव्हा बार्करने मशीनचे तुकडे करून ते बांधकामाच्या ओल्या काँक्रीटमध्ये टाकले, असंही मोझलीने सांगितलंय.

ह्यातून काय घ्यायचं ते सांगतो. लेटरहेड खरं असणं म्हणजे पत्र खरं असणं नाही. माणूस सापडत नाही हा लपवाछपवीचा पुरावा म्हणून कोणी द्यायला लागला की तिथेच थांबा, कारण त्या न्यायाने कशाचाही पुरावा देता येतो. आणि पत्र ज्याच्या हातात पडलं त्याला ते मनापासून हवंच होतं का, हे बघा. हवं असलेलं पत्र कोणी तपासत नाही.

कागद तपासायची सवय लावायची असेल तर एमजे-१२ ची कागदपत्रं घ्या. १९८४ च्या डिसेंबरात एका टीव्ही प्रोड्यूसरच्या घरी पाकिटातून ३५ एमएमची न धुतलेली फिल्म आली, धुतली तर तिच्यात कोसळलेल्या तबकडीबद्दलच्या बारा जणांच्या गुप्त समितीचे कागद. १९८७ मध्ये ते जाहीर झाले आणि नुसता गदारोळ. क्लासने दाखवून दिलं की त्यातली राष्ट्राध्यक्ष ट्रुमनची सही १ ऑक्टोबर १९४७ च्या खऱ्या पत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळते, आणि हाताने केलेल्या दोन सह्या अशा कधीच जुळत नाहीत. पण ह्याच क्लासने, संबंधित एका मेमोतला टाइपरायटरचा टाइप त्या काळी व्हाइट हाउसमध्ये वापरत नव्हते असंही म्हटलं, आणि फ्रीडमनला आव्हान दिलं की तसा टाइप असलेल्या दर अस्सल कागदामागे शंभर डॉलर देईन, जास्तीत जास्त दहा. फ्रीडमनने सरळ चौदा काढून दिले आणि क्लासला हजार डॉलरचा चेक फाडावा लागला. म्हणून एक मुद्दा जिंकला की अख्खी केस जिंकली असं धरू नका, मुद्देनिहाय हिशेब ठेवा. पैज फ्रीडमन जिंकला आणि सहीचा मुद्दा जिथल्या तिथे राहिला.

आता आजचं. २६ जुलै २०२३ ला अमेरिकन काँग्रेससमोर डेव्हिड ग्रश हा माजी गुप्तचर अधिकारी म्हणाला की सरकारकडे परक्या यानांचे अवशेष आहेत, मला चाळीसहून जास्त लोकांनी सांगितलं. वाक्य नीट ऐका, मला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या, असल्या दाव्यांची चौकशी करणाऱ्या आरो ह्या ऑफिसने अहवाल दिला की पुरावा मिळाला नाही, आणि बरेच दावे एका छोट्या वर्तुळातले लोक एकमेकांचं ऐकून फिरवत होते. आणि २०२५ च्या जूनमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की हवाई दलाच्या अतिगुप्त विभागांत नव्या अधिकाऱ्यांना अनेक वर्षं तबकडीसारख्या वस्तूचा फोटो दाखवून सांगितलं जायचं की हे परग्रहाचं यान आहे, कुठे बोललास तर खैर नाही, आणि पुष्कळांना ही रॅगिंग होती हे नंतरही कोणी सांगितलंच नाही. म्हणजे तो माणूस खोटं बोलत नाही, शपथेवर सांगेल, आणि तरी गोष्ट खोटी. त्यामुळे कुठलीही सांगोवांगी आली की एक कागद घ्या आणि साखळी लिहा, हे कोणी सांगितलं, त्याला कोणी, त्याच्या आधी कोणी. प्रत्यक्ष बघितलेल्या माणसापर्यंत पोचलात तर उत्तम, दोन वेगळ्या साखळ्या एकाच माणसाशी जाऊन मिळाल्या तर ते दोन साक्षीदार नाहीत, एकच आहे. मध्येच ध चा मा कुठे झाला तेही अशाने दिसतं.

आणि हसायचं कुठे थांबवायचं हेही कळलं पाहिजे. अल्बुकर्कीचा पॉल बेनेविट्झ, स्वतःची कंपनी चालवणारा हुशार माणूस, तिथल्या कर्टलंड हवाई तळाजवळचे दिवे आणि सिग्नल त्याला परग्रहाचे वाटले. हवाई दलाच्या तपास खात्याने त्याला समजावण्याऐवजी त्याच्या समजुतीत भर घातली, आणि त्याच्यावर नजर ठेवायला मदत केली ती यूएफओ संशोधक म्हणवणाऱ्या बिल मूरने. बेनेविट्झची मनःस्थिती ढासळत गेली, १९८८ मध्ये हॉस्पिटलात ठेवावं लागलं. १ जुलै १९८९ ला लास वेगासच्या यूएफओवाल्यांच्या अधिवेशनात मूरने स्टेजवरून हे कबूल केलं, लोकांनी आरडाओरडा करून त्याला धारेवर धरलं, आणि बरोबर केलं. त्या माणसासाठी पेरलेल्या थापांमधली जमिनीखालच्या तळाची गोष्ट आजही लोक खरी म्हणून सांगतात. आपला नियम सोपा ठेवा, ज्याची खोडी काढली त्याचं आयुष्य त्यात मोडत असेल तर ती खोडी नाही, छळ आहे.

साक्षीदाराचीही टिंगल करू नका. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये हिल्सडेल कॉलेजच्या मुलींनी आणि डेक्स्टरजवळच्या लोकांनी दिवे बघितले, खगोलशास्त्रज्ञ अॅलन हायनेकने प्रेस कॉन्फरन्समध्ये दलदलीतला वायू असू शकेल म्हटलं आणि स्वॅम्प गॅस हा शब्द कायमचा विनोद होऊन बसला. हसले सगळे, पण तिथली माणसं चिडली, मिशिगनचाच खासदार जेराल्ड फोर्ड, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, चौकशी मागायला उभा राहिला. आपल्याकडे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात आकाशातून पेटते लोळ गेले, चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली, व्हॉट्सअपवर विमानापासून एलियनपर्यंत पुड्या सुटल्या, आणि शेवटी माग लागला तो चिनी रॉकेटच्या टप्प्याचा. गावकऱ्यांनी जे बघितलं ते शंभर टक्के खरं होतं, चुकलं ते फॉरवर्ड करणाऱ्यांचं. असा व्हिडिओ आला की हसण्याआधी तारीख, वेळ, दिशा, किती सेकंद दिसलं हे विचारा आणि व्हिडिओ काढलेल्या माणसालाच विचारा, पाठवणाऱ्याला नाही.

विनोद करायचाच तर शास्त्रज्ञांकडून शिका. १९५० च्या उन्हाळ्यात लॉस अॅलामोसच्या अणुप्रयोगशाळेत जेवायला जाताना तबकड्या न्यूयॉर्कचे कचऱ्याचे डबे पळवतात असल्या एका व्यंगचित्रावर गप्पा निघाल्या, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी म्हणाला चला, ह्या सिद्धांताने दोन कोडी एकदम सुटतात, तबकड्याही आणि गायब होणारे डबेही. आणि मग जेवताना अचानक त्याने विचारलं, मग सगळे आहेत कुठे? ह्या प्रश्नावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवतायत. केंब्रिजला १९६७ मध्ये जोसलिन बेलला आकाशातून दर १.३३ सेकंदाने येणारे रेडिओ ठोके मिळाले तेव्हा त्यांनी गमतीने त्याला लिटल ग्रीन मेनवरून एलजीएम-१ नाव दिलं, पण काम न थांबवता दुसरा तसाच स्रोत शोधला, आणि पल्सार, म्हणजे गिरक्या घेत असे ठोके पाठवणारे तारे, सापडले.

सुरुवात करायची तर सॉसर स्मिअरचे जुने अंक स्कॅन केलेले मिळतात, ऐंशीच्या दशकातले घ्या. क्लास आणि फ्रीडमन आता तुमच्या ओळखीचे आहेत, त्यांची पत्रं आधी काढा, आणि साखळीचा कागद शेजारी ठेवा.