मालिकेची प्रसिद्धी नाशिकमध्ये: आधी कागद, मग फ्लेक्स

नवी मालिका सोमवारी रात्री सुरू होणार असते आणि शहरातल्या प्रसिद्धीचं काम हातात पडतं ते जेमतेम दहा-बारा दिवस आधी. घाईत पहिला फोन फ्लेक्सवाल्याला जातो. तो दुसरा असायला हवा, पहिला फोन कागदांसाठी करायचा. टीव्हीवरचा प्रोमो नको असेल तर माणूस रिमोट दाबतो. द्वारका चौकातलं होर्डिंग, कॉलनीतून फिरणारी स्पीकरची रिक्षा, फोनवर येऊन पडलेला मेसेज हे सगळं मात्र त्याला न विचारता समोर येतं. जी व्यक्ती ही मालिका कधीच पाहणार नाही तिला आपल्या प्रसिद्धीचा काय त्रास होईल, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारा. पुढच्या बहुतेक अटी तिच्यासाठीच आहेत.

वाहिनीकडून काय मागून घ्यायचं

वाहिनीचं किंवा निर्मिती संस्थेचं लेखी पत्र हवं. कोणती छायाचित्रं, कोणता प्रोमो, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरायचा, हे त्यात स्पष्ट असावं. ‘फोटो त्यांनीच व्हॉट्सॲपवर पाठवले’ एवढ्यावर विसंबू नका. कलाकाराच्या करारात चेहरा वापरण्याची परवानगी बहुधा मालिकेच्या प्रसिद्धीपुरतीच असते. त्याच फोटोखाली स्थानिक सराफाचं किंवा बिल्डरचं नाव ठळक छापलं की ती त्या दुकानाची जाहिरात होते आणि तिला कलाकाराची वेगळी संमती लागते. स्थानिक प्रायोजक खर्चाचा वाटा उचलतो आणि बदल्यात ‘आमचं नाव जरा मोठं घ्या’ म्हणतो, तिथे हा घोळ सुरू होतो. प्रायोजकाचं नाव घालून केलेलं डिझाइन छपाईआधी वाहिनीला ईमेलने पाठवा आणि मंजुरी ईमेलवरच घ्या.

नायिकेचा आवाज एआयने तयार करून रिक्षावर ‘नमस्कार नाशिककर’ म्हणायला लावणं हल्ली दहा मिनिटांचं काम झालंय. संमती नसेल तर ते करू नका. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. आवाज, चेहरा, लकब यांवर त्या माणसाचा हक्क असतो, तो मालिकेबरोबर आपल्याकडे येत नाही.

गाण्याच्या बाबतीत एक समज फार पसरला आहे: तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. शिवाय एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. मॉलमधल्या कार्यक्रमात शीर्षकगीत किंवा चित्रपटगीत वाजवायचं तर दोन्हींचे परवाने तपासावे लागतात. शब्द-चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे विचारा, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संगीत कंपन्यांच्या संस्थेकडे किंवा संबंधित संगीत कंपनीकडे. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. रीलसाठी ॲपमधलं ‘ट्रेंडिंग’ गाणं उचलतानाही हेच लक्षात ठेवा. ती गाणी बहुतांशी वैयक्तिक वापरासाठी असतात, धंद्याच्या खात्यासाठी नसतात.

रस्ता, भिंत आणि आवाज

आधी हद्द पाहा. शहरात परवानगी नाशिक महापालिकेची. पालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड आणि नवीन नाशिक. जागा ज्या विभागात आहे, चौकशीही त्याच विभागीय कार्यालयापासून सुरू करा. देवळाली कॅम्पात छावणी परिषद येते. त्र्यंबकेश्वरला नगरपरिषद वेगळी आणि पोलीसही ग्रामीणचे. सिटीलिंक या शहर बसच्या पाठीवर जाहिरात लावायची असेल तर परवानगी नाशिक महानगर परिवहन महामंडळाकडून, चालक-वाहकाशी बोलून ते काम होत नाही.

होर्डिंग भाड्याने घेताना परवान्याची प्रत आणि सांगाड्याचं स्थैर्य प्रमाणपत्र मागा. प्रतीवर तीन गोष्टी बघा: मुदत संपलेली नाही ना, परवान्यातलं माप प्रत्यक्ष सांगाड्याशी जुळतं का आणि पत्ता तोच आहे का. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये वादळी वाऱ्यात कोसळलेल्या होर्डिंगखाली १७ माणसं मेली. पेट्रोल भरायला थांबलेल्या लोकांवर ते पडलं. कागद न पाहता भाडं भरणाऱ्या जाहिरातदारालाही अशा सांगाड्यापासून हात झटकता येणार नाहीत. मालक प्रत द्यायला टाळाटाळ करू लागला तर ती जागा सोडा, मग ती कितीही मोक्याची असो.

विजेचे खांब, दुभाजक, झाडं आणि कुणाच्याही भिंती वर्ज्य. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याच्या फायद्यासाठी पोस्टर लागलं तोही त्यात गुंततो, त्यामुळे ‘पोरांनी रात्री चिकटवलं’ हे उत्तर उपयोगी पडत नाही.

स्पीकरच्या रिक्षेला पोलीस परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर पूर्ण बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रिक्षेचा मार्ग आधी कागदावर आखा. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालय आहे, पुढे त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय. या पट्ट्यात आवाज बंद ठेवायचा हे रिक्षावाल्याला तोंडी सांगून भागत नाही. स्पीकर कुठे बंद आणि कुठे सुरू, त्या खुणांची यादी लिहून त्याच्या हातात द्या.

घाटावर चित्रीकरण

नाशिकचं रील म्हटलं की सगळ्यांना रामकुंड हवं असतं. रामकुंडावर सकाळी दशक्रिया विधी चालू असतात, अस्थिविसर्जनाला गावोगावचे लोक आलेले असतात. नायिका पायऱ्यांवरून हसत उतरते आणि तिच्या खांद्यामागे नुकतंच मुंडन केलेला, ओल्या पंचातला मुलगा बापाचा पिंड ठेवत असतो. अशी चौकट पसरली की त्या घराच्या दुःखाची जाहिरात झालेली असते. गुरुजींची परवानगी घेतली म्हणून त्या कुटुंबाची मिळाली असं होत नाही. उपाय साधा आहे. विधी चालतात ती वेळ टाळा, दुपारनंतर जा आणि कॅमेरा वापरात नसलेल्या पायऱ्यांकडे वळवा. एक माणूस फक्त पार्श्वभूमी बघायला उभा करा. तरीही कुणी चौकटीत आलंच तर चेहरा पुसट करा किंवा तो तुकडा काढून टाका. सिंहस्थाच्या काळात कलाकाराला घाटावर आणून गर्दी जमवण्याचा विचारही नको. २००३ च्या सिंहस्थात इथल्याच अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली आहेत.

पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर मंदिर ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. तिथे व्यावसायिक चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी वेगळी काढावी लागते. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर जागेचा रंग बघा आणि शहर पोलिसांचा त्या दिवसाचा आदेशही तपासा. देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचे नोटा आणि मुद्रांकांचे छापखाने यांमुळे हे शहर ड्रोनच्या बाबतीत नाजूक आहे.

खोटं वाटेल असं काही नको

‘बेपत्ता’ असं लिहून नायिकेचा फोटो आणि फोन नंबर असलेलं पोस्टर, खऱ्यासारखी कोर्टाची नोटीस, वर्तमानपत्राच्या बातमीसारखी मांडणी या कल्पना दर काही महिन्यांनी कुणाला तरी सुचतात. फोटो मालिकेच्या नावाशिवाय कापून पुढे पाठवला जातो आणि लोक ११२ ला फोन करतात. खरंच हरवलेल्या मुलीच्या पोस्टरकडेही मग लोक संशयाने बघू लागतात, आणि हे नुकसान सगळ्यात मोठं. घबराट पसरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं. बातमीच्या रूपातली जाहिरात घ्यायचीच असेल तर ‘जाहिरात’ हा शब्द आणि मालिकेचं नाव अशा जागी छापा की कापून वेगळं करता येणार नाही.

दैवी किंवा भुताखेताच्या मालिकेत ‘इथे आलेल्या प्रत्येकाची इच्छा पूर्ण झाली’ असले दावे नकोत. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, म्हणजे २०१३ च्या अधिनियमात, तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मालिका सत्य घटनेवर असेल आणि त्यात लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेची ओळख नावानेच उघड होते असं नाही. गाव, शाळा, आडनाव आणि वर्ष एकत्र आले की झालं. ‘नाशिकच्या या भागात घडलेली खरी गोष्ट’ ही ओळ तिथे छापू नका. न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा ही ओळख उघड करायला मनाई करतात.

‘महाराष्ट्राची क्रमांक १ मालिका’ असं लिहायचं असेल तर खाली बार्कच्या, म्हणजे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या, आकडेवारीचा आठवडा, बाजारपेठ आणि वयोगट वाचता येईल अशा अक्षरात द्या. वाहिनीकडे हा आधार नसेल तर ओळ काढा.

रीलवाले आणि पैठणी

इन्फ्लुएन्सरला पैसे दिले, हॉटेलात जेवण दिलं किंवा कलाकाराशी भेट घडवून दिली, तर रीलमध्ये सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं दिसलं पाहिजे. हॅशटॅगांच्या ढिगात विसावा शब्द म्हणून ते लपवलं तर चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

स्पर्धेचं बक्षीस म्हणून पैठणी हमखास असते. पोस्टरवर ‘येवल्याची हातमागाची पैठणी’ लिहिलं आणि यंत्रमागाची सेमी पैठणी दिली तर ती फसवणूक आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती विणणारे कारागीर याच जिल्ह्यात बसले आहेत. पोस्टरवर लिहिलं तेच द्या, नाहीतर ‘साडी’ एवढंच लिहा. बक्षीस दहा हजारांच्या वरचं असेल तर ३० टक्के कर येतो. २४ हजारांच्या पैठणीवर ७,२०० रुपये. ते विजेतीने भरायचे की आयोजकाने, हे नियमावलीत आधीच लिहा. आयोजक भरणार असेल तर हिशेब थोडा वाढतो, तो सीएकडून करून घ्या. व्यासपीठावर साडी हातात ठेवल्यावर बाईंकडे कर मागणं लाजिरवाणं आहे. निकालही जाहीर करावाच लागतो, तो दडवणं ही ग्राहक कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे.

चिठ्ठ्यांवर घेतलेले फोन नंबर फक्त त्याच स्पर्धेसाठी वापरा. प्रायोजक बिल्डरला यादी देऊन टाकायची सवय मोडा. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेऊच नका.

बालकलाकार

मॉलमधला कार्यक्रम हेही कामच. नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, सलग तीन तासांवर विश्रांती हवीच, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाच्या मुदत ठेवीत गेला पाहिजे. निर्मिती संस्थेची परवानगी या कार्यक्रमाला लागू आहे का, ते लेखी विचारा. मुंबई-नाशिक सुमारे १७० किलोमीटर, कसाऱ्याला वाहतूक अडकली की पाच तासही लागतात. एवढा प्रवास करून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला सेल्फीच्या रांगेपुढे तास-दीड तास उभं करू नका. वीस मिनिटं व्यासपीठावर, मग पडद्यामागे आईजवळ.

उतरवणं

फ्लेक्स उतरवायची तारीख छपाईवाल्याच्या बिलातच लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. प्रत्येक जागेचे लावतानाचे आणि काढल्यानंतरचे फोटो तारखेसकट ठेवा. तक्रार आली तर पालिकेला तेच दाखवावे लागतात. तुटलेली दोरी, खिळे आणि बांबूही त्याच दिवशी उचलून न्यायचे.