‘मोटार लोड घेत नाही’ म्हणताय? आधी या चुका टाळा

चैत्र तापला, केळीला पाणी हवं असतं आणि चोपडा तालुक्यातून सकाळीच फोन सुरू होतात: "भाऊ, मोटार लोड घेत नाहीये." या एका वाक्यामागे मी चार निरनिराळे बिघाड पाहिलेत. व्होल्टेज कमी, तीन फेजपैकी (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी) एक गेलेला, दोन फेज अदलाबदल होऊन पंप उलटा फिरतोय, नाहीतर फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तळाच्या झडपेला, कचरा. शब्द एकच, म्हणून इलाजही एकच होतो: ओव्हरलोड रिलेचा (करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटार बंद करणाऱ्या भागाचा) आकडा वाढवायचा. मोटारी जळतात त्या इथेच.

लोड म्हणजे मोटारीवर पडलेलं काम. व्होल्टेज म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा करंट. दाब घटला की करंटही घटेल असं वाटतं, पण पंपाच्या मोटारीत उलट होतं. काम तेवढंच असल्याने ती जास्त करंट ओढते आणि तापते. 415 व्होल्टच्या साध्या 5 एचपी मोटारीचा करंट पूर्ण लोडवर साडेसात अँपिअरच्या आसपास असतो. नेमका आकडा तिच्या पाटीवर पाहा. डीओएल स्टार्टरचा (मोटारीला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरचा) रिले त्याच आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टात (आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरात) रिले वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या गुंडाळीच्या, तारांवर असेल, तर त्याच्या 58 टक्क्यांवर. रिले पडून मोटार बंद होतेय म्हणून तो 12 वर नेला, तर मोटारीला राखणारं कोणी उरत नाही.

फेज ओळखताना सगळ्यात जास्त फसवतो तो टेस्टर. डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) एक ग्रीप, म्हणजे फ्यूज, उडाली तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका आप्पांच्या विहिरीवर पोचलो तेव्हा मोटार घुमत होती, पाणी कमी पडत होतं. "तिन्ही फेज हायेत, टेस्टर पेटतो ना!" आप्पा म्हणाले. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: 13, 13 आणि शून्य अँपिअर. गेलेल्या तारेत वाइंडिंगमधूनच उलटा दाब येतो, त्यावर टेस्टर पेटतो. लगेच बंद केली, तरी वाइंडिंगवरच्या वार्निशचा जळका वास सुटलाच होता. म्हणून तिन्ही तारांचा करंट मोजा, आणि एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवाच.

एचपी आणि युनिटचीही गल्लत करू नका: एचपी ही ताकद, युनिट हा वापर. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. 1 किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की 1 युनिट.

"एमसीबी आहे, शॉक लागणार नाही" हा समज मात्र जिवावर बेततो. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, तार वाचवतो; माणसाचा जीव जायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. माणसासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच) वेगळी लागते.

आणि न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे. न्यूट्रलमधून रोज करंट परत जातो, अर्थिंगमधून फक्त बिघाड झाल्यावर. झोपडीतला बल्ब एक फेज आणि जमिनीत ठोकलेला पाइप यांच्यावर पेटवलेला मी बऱ्याच मळ्यांत पाहतो. पाइपाभोवतीची माती सुकली किंवा तार सुटली, की तो पाइप, नाहीतर सुटलेलं टोक, जिवंत होतं. शेजारच्या ओल्या वाफ्यात अनवाणी माणूस उभा असतो. तो बल्ब आजच काढा आणि डीपीपासून न्यूट्रलची तार ओढून घ्या.