लक्ष्मणराव किर्लोस्करांवर लिहायला किर्लोस्करवाडीचे जुने कागद शोधायला निघताय? आधी हे वाचा

वही, चार्जर, पाणी हे सांगत बसत नाही. ओळखपत्र घ्या, नकलेच्या अर्जाला मागतात.

पहिलं काम, घर सोडायच्या आधीच, जमिनीचा जुना सर्व्हे नंबर काढा. मागच्या वेळी आमच्याकडच्या एका जमीनवाल्याची माहिती काढत होतो, माळावर प्लॉट पाडून अख्खी वाडी वसवली त्याने, आणि मी शहाणा आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन तालुक्याला गेलो. आता 1930 च्या आसपासचे कागद गट नंबरावर कसे सापडणार? गट पडले ते 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर (जमिनीचे छोटे तुकडे जोडून गट केले), त्याआधी सगळं सर्व्हे नंबरावर. दिवस गेला, एसटी चुकली, वर भलत्याच माणसाचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, उतरवून आणले. एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना नंबर कुठल्या गटात गेला ते असतं, ते आधी बघा. मग निघा.

आता लक्ष्मणराव. नांगरवाले, कारखानदार म्हणून सगळेच लिहितात, मला गाव वसवणारा माणूस हवाय. बेळगावातून कारखाना हलवावा लागला, 1910 ला औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ 32 एकर माळ दिला, नुसता निवडुंग आणि साप, तिथे वाडी उभी राहिली. म्हणजे मूळ कागद इंग्रजी मुलखातले नाहीत, औंध संस्थानातले. संस्थान 1948 ला विलीन झालं, 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा, त्याचं 1960 ला सांगली. त्यामुळे 1910 च्या कागदात सांगली जिल्हा शोधत बसू नका. स्टेशनसुद्धा आधी कुंडल रोड होतं. त्या सालात जे नाव होतं तेच धरायचं आणि जमिनीला त्या सालात जो नंबर होता तोच, परत सांगतोय, जुना सर्व्हे नंबर.

'किर्लोस्कर खबर' 1920 ला निघालं, जुने अंक चाळाच, पण ते घरचंच मासिक, वाडीला नावं ठेवलेली त्यात कशाला सापडतील. त्या माळावर आधी कोणाची गुरं चरायची हे कुंडलच्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांचे आजे काय सांगायचे ते. आणि गेल्या गेल्या 'जमिनीचे जुने कागद आहेत का' असं तोंड उघडू नका!! लोकांना वाटतं भाऊबंदकीचा दावा लावायला आलाय, मग चहासुद्धा मिळत नाही. आधी कारखान्याच्या गप्पा, रेकॉर्डिंग नंतर, तेही विचारून.

जमलं तर कराडजवळची ओगलेवाडी बघा, तीही औंध संस्थानातच, काचेच्या कारखान्याभोवती वसलेली, ताडून बघायला बरी.

बाकी नेहमीचं. लक्ष्मणरावांचा जन्म गुर्लहोसूर 1869, निधन 1956, मधल्या सालांचा तक्ता करा. नकलेच्या मागे तारीख आणि कुठल्या दप्तरातली ते लिहा. फोटोंचा बॅकअप. दोन दिवस हाताशी ठेवा, एकात होत नाही.

आणि तो सर्व्हे नंबर कागदावर लिहून खिशात, फोनमध्ये नको, रेकॉर्ड रूमच्या दारात फोन बाहेर ठेवायला लावतात कधीकधी.