परकीय भाषेची बाजू मांडताना: नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

शाळेत परकीय भाषा शिकवू लागलेल्या शिक्षकाला वर्ग घेण्याइतकेच आणखी एक काम लवकरच करावे लागते, ते म्हणजे वेळापत्रकात आपल्या विषयाला जागा का हवी हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना पटवून देणे. जर्मनसाठी मी पहिल्यांदा हा प्रस्ताव मांडला तेव्हा सारा भर परदेशातील नोकऱ्यांवर दिला आणि दोन वर्षांत मुले अस्खलित बोलतील, असेही सांगून टाकले. ‘आठवड्याला किती तासिका?’ एवढेच मुख्याध्यापकांनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा हिशेब आधी करावा. आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका आणि वर्षाचे ३५ आठवडे धरले, तर वर्षाला जेमतेम ४७ तास हाती येतात. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट स्पॅनिशसारख्या, म्हणजे इंग्रजी भाषकांना तुलनेने सोप्या जाणाऱ्या भाषेसाठीही सहाशेहून अधिक वर्गतास धरते. जपानी किंवा अरबीसाठी हा आकडा सुमारे २२०० आहे. तेव्हा अस्खलितपणाचे वचन देऊच नये. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा पातळ्यांच्या चौकटीतील ‘ए-१’ ही पहिली पातळी, म्हणजे स्वतःची ओळख करून देणे आणि समोरचा सावकाश बोलला तर साधे प्रश्नोत्तर करणे, एवढे उद्दिष्ट दोन-तीन वर्षांसाठी प्रामाणिक ठरते.

‘एवढ्यासाठी इतका वेळ कशाला?’ असे पालक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. याचे माझ्या मते सर्वांत भक्कम उत्तर नोकरीत नसून मातृभाषेत आहे. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे कळल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग मराठीत ‘ती बोट’ पण ‘ते जहाज’ असे का? जन्मापासून बोलत असलेल्या भाषेला नियम असतात आणि ते नियम निराळेही असू शकले असते, ही जाणीव व्याकरणाच्या तासाला इतक्या सहज झालेली मी क्वचितच पाहिली आहे. अशा प्रश्नांची नोंद ठेवावी आणि पालकसभेत ती वाचून दाखवावी; कोणत्याही घोषवाक्यापेक्षा ती अधिक बोलते.

‘जितके लहान तितके बरे’ हा युक्तिवाद मात्र जपून वापरावा. लहान मुलांचे उच्चार चांगले बसतात हे खरे, पण आठवड्याला दोनच तासिका असतील तर अकरा-बारा वर्षांची मुले रचना अधिक वेगाने आत्मसात करतात. वयापेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढील विद्यार्थ्यांसाठी परकीय भाषा ऐच्छिक झाली आणि त्या परीक्षांना बसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. माझ्या एका तुकडीचा विषय मधले एक वर्ष बंद राहिला, तेव्हा परतल्यावर आम्हाला अंकांपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यामुळे आता मी तासिका वाढवून मागण्याआधी सलग तीन वर्षांची लेखी हमी मागतो.