जेडची कोरीव वस्तू: आधी पाण्यात तोला

ज्या घरातलं कोणी बोटीवर असतं, तिथल्या शोकेसमध्ये हाँगकाँगहून आलेला एखादा हिरवा ड्रॅगन असतोच. तो जेड या कठीण, शोभेच्या दगडाचा आहे का, हे स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो. चाकूने ओरखडा काढून बघू नका. जेड म्हणून खपणाऱ्या रंगवलेल्या क्वार्ट्झाइट दगडावरही ओरखडा उठत नाही, कोरलेली कड मात्र उडते.

वस्तू स्टँडवरून सोडवून कोरडी तोला. समजा २३६ ग्रॅम भरली. आता पाण्याचा टोप काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू शिवणाच्या दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. ती पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला-कडेला टेकता कामा नये. काट्यावरचा आकडा म्हणजे वस्तूने सारलेल्या पाण्याचं वजन. ८० आले तर २३६ भागिले ८०, म्हणजे २.९५. हा नेफ्राइट. ७१ आले तर ३.३२, म्हणजे जेडाइट. भागाकार २.६ च्या आसपास आला, तर सर्पेंटाइन, क्वार्ट्झ किंवा काच समजा. पहिली दोन्ही जेडच, पण खनिजं वेगळी. हे १८६३ मध्ये फ्रान्सच्या दामूर यांनी दाखवलं. चीनचं जुनं कोरीवकाम नेफ्राइटमधलं, जेडाइट ब्रह्मदेशातून येतं.

उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा कमीच येतं. नक्षीच्या खाचेत बुडबुडा अडकला की पाणी जास्त सरकतं; पाण्यातच मऊ ब्रश फिरवा. वस्तू तळाला टेकली तरी उत्तर कमीच येतं. वीस ग्रॅमच्या पेंडंटला सोनाराचा काटा हवा. जेडाइटमध्ये पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलंय का, हे मात्र यातून कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

पितळेच्या समईसारखं चिंच-आमसुलाने घासू नका. दगड संगमरवर निघाला तर चकाकी कायमची गेली. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, बस्स. खोबरेल लावलं की धूळ चिकटते.

पावसाळ्यात दगडाला काही होत नाही, त्याच्या लाकडी स्टँडला होतं. ते फुगून वस्तू खाचेत आवळली जाते. ओढाल तर शेपूट हातात येईल. लाकूड सुकेपर्यंत थांबा. रेशमी अस्तराच्या डबीला बुरशी येते, म्हणून जून ते सप्टेंबर डबी कपाटाबाहेर ठेवा, सिलिका जेलसोबत.

भेट द्यायची तर नक्षीचा अर्थ चिठ्ठीवर लिहा. १७९३ मध्ये चीनच्या चियेनलुंग सम्राटाने इंग्लंडचा दूत मॅकार्टनी याच्या हाती तिथल्या राजासाठी कोरीव रूयी (शुभ मानली जाणारी दांडी) दिली. मॅकार्टनीला तिची फारशी किंमत वाटली नाही. आपल्याकडे वटवाघूळ कोरलेली वस्तू पाहून सासूबाई कपाळाला आठ्या घालतील. चिनीत वटवाघूळ आणि सौभाग्य दोन्हींचा उच्चार ‘फू’ होतो, एवढी एक ओळ पुरते.