रायझोबियम लावताय? निदान या चुका तरी टाळा

नैरोबी विद्यापीठाच्या प्रा. नॅन्सी करांजा यांनी केनियात मातीतल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथल्या मिरसेन या सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेतून बायोफिक्स हे रायझोबियम खत आलं, म्हणजे सोयाबीन-घेवड्यासारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून राहणाऱ्या जिवाणूंचं खत, आणि ते बनवायला चक्क साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, वापरली. ज्याला खताची गोणी परवडत नाही त्याच्या पिकाला या गाठींतून हवेतलं नत्र (नायट्रोजन) मिळावं म्हणून एवढा खटाटोप, आणि लोक ते पाकीट उन्हात टाकून मोकळे होतात!

ऊन, हीच सगळ्यात मोठी चूक. मी पश्चिम केनियात बियाण्यांचं काम बघतो, काकामेगाकडे एका बाईंचं सोयाबीन पिवळं पडलेलं, म्हणाल्या हे औषध बोगस आहे. विचारलं तर कळलं, पाकीट घेतलं ते दुकानाच्या पत्र्याखाली, खिडकीतल्या उन्हात पडलेलं, घरी बियाण्याला चोळून ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवलं आणि पेरलं दोन दिवसांनी. फावड्याने झाड मातीसकट काढून बादलीत धुतलं, मुळं एकदम स्वच्छ, एकसुद्धा गाठ नाही. शेजारच्या वावरात बियाणं सावलीत चोळून लगेच पेरलेलं, तिथल्या मुळांना गाठीच गाठी, नखाने फोडली तर आतून लालसर. लालसर म्हणजे काम चालू, पांढरी किंवा हिरवी असेल तर उपयोग नाही.

मी स्वतः आधी दुकानदाराला विचारतो पाकीट कुठे ठेवलं होतं, तारीख बघतो, बियाणं सावलीतच चोळतो, पोत्याने झाकून वावरात नेतो आणि त्याच दिवशी पेरून लगेच माती ओढतो. एवढा वेळ नसेल तर पाकीट घेऊच नका.

झाड उपटून गाठी बघू नका राव, त्या मातीतच तुटून राहतात. बघायच्या तर फुलोऱ्यात बघा, आठवड्यात हिरवंगार मागणाऱ्यांना काय सांगायचं!

घेवड्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, जिवाणू वेगळे असतात.

बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवू नका.

जास्त नत्र टाकलं की झाड गाठी करतच नाही, म्हणून युरिया लांब ठेवा. पण स्फुरद (फॉस्फरस) मात्र लागतंच, पश्चिम केनियातल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी आणि स्फुरदाला कमी आहेत, तिथे चुना आणि स्फुरद न देता नुसतं पाकीट लावलं तर गाठी नीट धरत नाहीत, मग दोष पाकिटाला देऊ नका.